लेप वाळायच्या आत

"थांबलीस का गं?" आतल्या खोलीतून सेराफिनाने विचारले.

"थांबले नाही, ताई. दगड ओला करत होते."

"मग चालव हात. वारा सुटलाय."

रिओ ग्रांदे नदीवरून येणारा वसंतातला तो कोरडा वारा ऑरेलियाच्या जिवावर उठला होता. खिडकीच्या फटींत तिने चिंध्या कोंबल्या होत्या. मांडीवरच्या घड्याला लाल मातीचा लेप दिलेला, आणि तो ओला आहे तोवरच नदीतल्या गुळगुळीत दगडाने सगळा घडा घोटायचा. मध्ये उठायची सोय नाही. लेप वाळला की चकाकी चढत नाही. घासून काढा आणि पुन्हा पहिल्यापासून बसा. अख्ख्या पुएब्लोत, मातीच्या घरांच्या त्या आदिवासी गावात, घोटणीला बसलेल्या बाईचे दार कुणी वाजवत नसे.

हा घडा दोनदा बिघडला होता. घासून घासून त्यावर कोरलेल्या शिंगवाल्या पाणसर्पाच्या कडा बोथट झाल्या होत्या. तिसऱ्यांदा घासला तर साप उरलाच नसता, आणि सेराफिना आता दुसरा कोरणार नव्हती. थोरलीने कोरायचे, धाकटीने घोटायचे, अशी चाळीस वर्षे गेली. हिवाळ्यात थोरलीच्या छातीत पाणी झाले. दवाखान्याने हात टेकले आणि घरी पाठवले. 'तो चमकताना बघायचाय,' एवढेच तिने मागितले होते.

"शेपटीपाशी आलीस? तिथे तू नेहमी चुकारपणा करतेस."

"आणि तू तिथे नेहमी नको तितकं खोल कोरतेस! किती वर्षं सांगतेय!"

सेराफिना हसली. हसण्याचा खोकला झाला आणि तो थांबेना.

"येऊ का?"

"उठलीस तर बघ!"

मग खोकला थांबला. ऑरेलियाला हायसे वाटले. बोटे आखडली होती, तरी तिने दगड दाबून धरला. मातीच्या आईला मनोमन विनवले, एवढा तळहाताएवढा तुकडा होऊ दे.

"ताई, डोक्यापाशी आले."

"हं."

"आता शिंगच राहिलंय."

उत्तर आले नाही. दगड फिरत राहिला. एकदा, दोनदा, चारदा. त्या चार फेऱ्यांची लाज तिला पुढे जन्मभर पुरली.

"ताई?"

तिने दगड टाकला, घडा खाली ठेवला आणि आत धावली.

सेराफिना जिवंत होती. उशीवरून घसरलेली, ओठ निळे. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिने घोंगडीचे टोक तोंडात कोंबून घेतले होते. ऑरेलियाने ते ओढून काढले आणि तिला छातीशी धरून बसवले.

"वाळेल ना गं तो," सेराफिना पुटपुटली.

"वाळू दे."

"वेडी कुठली."

त्यानंतर ती बोलली नाही. श्वास लांबत चालला.

उघड्या दारातून घडा दिसत होता. साप शेपटीपासून डोक्यापर्यंत लखलखत होता. शिंगाजवळचा गडद लाल रंग कडेकडेने फिका पडत होता. अजून दोन मिनिटे हाताशी होती. ऑरेलियाला ते नुसत्या रंगावरून कळत होते. ती उठली नाही.