दारात आणायची गाडी

आमच्या अप्पांची गाडी जगातल्या कुठल्याच जोडायच्या मॉडेलच्या किटमध्ये मिळत नाही. परदेशी ट्रक मिळतात, लष्करी मिळतात, आगीचे बंब तर ढिगाने पडलेत. पण अप्पांनी उभा जन्म चालवला तो गोल नाकाचा ट्रक छोटा करून विकावा असं कुणाला म्हणून वाटलं नाही. नसेना का! मीच करायला घेतला. केबिन बंबाची, चॅसी लष्करी ट्रकची, चाकं टँकरची आणि दिवे कुठल्याशा जीपचे. दादा टेबलाशी येऊन म्हणाला, "हा ट्रक आहे की बारभाईंचा कारभार?"

"बारा गावचं पाणी प्यालेला आहे," मी म्हटलं. "आणि तू हात लावू नकोस, डिंक ओला आहे."

दिवसभर मी लोकांच्या कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यांवर एकेक दात बसवायचा, घासायचा, रंग जुळवायचा. त्यामुळे बारीक करवत आणि चिमटा माझ्या हातात बसलेला. पण हे काही मी हौस म्हणून मांडलं नव्हतं. अप्पांचं डोकं हल्ली जागेवर नसतं. दुपार कलली की ते उठतात, "गाडी कुठं लावली रे?" असं कुणालातरी विचारतात आणि चालू पडतात. मध्यंतरी एकदा उड्डाणपुलाच्या मधोमध सापडले. दोन्हीकडून गाड्या कोकलत होत्या आणि हे आपले शांतपणे एकेका ट्रकची नंबरप्लेट वाचत होते.

त्या दिवशी दादा म्हणाला, "बस झालं. सुतार बोलावतो. दाराला बाहेरून कडी."

"बाहेरून कडी गोठ्याला घालतात," मी ताडकन बोलले.

"मग तू राहा घरी. कामावर बसून शेळ्या हाकायला काय जातंय?"

अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण अप्पांच्या मागे दिवसभर धावतो तो दादाच, हे खरं होतं. सुतार पुढच्या सुट्टीला येणार असं ठरलं. माझा हिशेब साधा होता. गाडी घरातच दिसली तर माणूस ती शोधायला बाहेर कशाला जाईल?

मग मी रजाच टाकली. दुपारी अप्पा खिडकीजवळच्या खुर्चीत पेंगायचे आणि मी त्यांच्या शेजारी टेबलावर काम करायची. पडद्यातून येणारं ऊन टेबलावर लांबच लांब पडायचं. बघता बघता त्याचा रस्ता व्हायचा. मी चिमट्याने आरसा बसवायची, आणि पुढच्या क्षणी त्या नखाएवढ्या आरशात मागे पडत जाणारी झाडं दिसायची, खरंच दिसायची. स्टिअरिंग लावलं तेव्हा डिझेलचा वास आला. सीटसाठी जुन्या पर्सचं कातडं कापताना मी स्वतःच त्या सीटवर जाऊन बसले, पाय खाली टेकत नव्हते, शेजारी अप्पा कसलंसं गाणं गुणगुणत होते आणि पुढे सगळं धुकं. आम्ही कुठे चाललो होतो कोण जाणे. घाई मात्र कुणालाच नव्हती. मग अप्पा झोपेत खोकायचे आणि मी परत माझ्याएवढी व्हायची.

माझ्याकडे त्या ट्रकचा एकच फोटो होता, अप्पांच्या सोबतच्या ड्रायव्हरने वाटेत काढलेला. त्यात गाडी धुळीने नुसती भरलेली. मी तो समोर ठेवला आणि जीव ओतला. तपकिरी रंगावर मिठाचे खडे चिकटवून वर निळा रंग मारला. वाळल्यावर मीठ खरवडलं की पोपडे उडून आतला गंज दिसतो. स्पंजने चिखलाचे शिंतोडे उडवले. खडू किसून त्याची पूड हौद्यावर, काचांवर, चाकांच्या खोबणीत फुंकरीने बसवली. त्यावर वॉर्निश मारलं की धूळ मरते, नुसता रंग वाटतो, म्हणून मारलं नाही. शेवटी गाडी अशी झाली की बोट लावलं तर बोटाला रस्ता लागावा. मीच माझ्यावर खूश!

सुट्टीच्या दिवशी, सुतार यायच्या आधी, मी ती अप्पांच्या मांडीशी स्टुलावर ठेवली. दादाही येऊन उभा राहिला. अप्पांनी गाडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझा जीव टांगणीला लागला.

"काय ही दशा!" अप्पा एकदम गरजले. "कुणी केली?"

उठले, स्वयंपाकघरातून पाण्याचं भांडं आणि ओलं फडकं घेऊन आले, आणि मी तोंड उघडायच्या आत फडकं हौद्यावरून फिरलं.

"अप्पा! अहो नको, सगळं जाईल!" मी किंचाळले. दादाने माझा दंड धरला.

जातच होतं. खडूची धूळ, शिंतोडे, माझ्या सगळ्या दुपारी त्या भांड्यात गढूळ होऊन फिरत होत्या. अप्पा फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून मडगार्डच्या आतून पुसत होते. पोपड्यांवर त्यांनी दोनदा घासलं. "हा गंज काही निघत नाही. गॅरेजला दाखवावं लागणार." मग माझ्याकडे वळून, "अरे, बघत काय उभा राहिलास? पाणी बदल!"

क्लीनर समजले मला. मी पाणी बदलून आणलं. रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदमच.

"एवढं चकचकीत कशाला, उस्ताद?" मी विचारलं. "उद्या परत मळणारच की."

"तुला काय कळतंय डोंबल! घर जवळ आलं की आधी गाडी धुवायची. दारात गाडी लागली रे लागली की माझी पोर पळत येते आणि मडगार्डला मिठी मारते. फ्रॉक मळतो, मग आईचा मार खाते."

मी खालीच बसले. ती गाडी मी कधीच मळलेली पाहिली नव्हती. लहानपणी सगळंच चकचकीत दिसतं, असं मला वाटत आलं होतं, म्हणून मी स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या फोटोवर विश्वास ठेवला. किती शहाणी मी!

दारावरची बेल वाजली. सुतार आला असणार. दादाने माझ्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे. ते कोरड्या फडक्याने काचा पुसत होते.

"चला उस्ताद," मी भीतभीत म्हटलं, "बाहेर जायचं ना, गाडी शोधायला?"

"वेड लागलंय का? ही काय गाडी. दारातच तर लावलीय." ते खुर्चीत नीट टेकून बसले आणि एक हात गाडीच्या टपावर ठेवला. "पोर शाळेतून यायची आहे अजून. ती आल्याशिवाय मी कुठं जात नाही."

दादा दार उघडायला गेला. सुताराला त्याने जिन्यातूनच परत पाठवलं.

"बसा," मी अप्पांना म्हणाले. "येईलच ती."