मुखरूचा बार

कलाबाई बोलायला लागली की ठमाबाई पदर तोंडाशी धरायची. आजही धरला.

"असा बार उडाला पोरी, का टेसनाच्या साऱ्या काचा खाली! चिचेवरचे कावळे दोन दिवस आले नाई."

मागच्या खेपेला सांगताना एकच काच फुटली होती, ठमाबाई मनात म्हणाली.

अदीबानं मोबाइल पुढे धरला होता. किराणावाल्या रईसची ही मुलगी ब्रह्मपुरीला कॉलेजात शिकायची. छोटी लाइन उखडून मोठी आली, जुनं स्टेशन तेवढं उरलं. त्याच्या भिंतीवर गावच्या रेल्वेची हकिकत सांगणारी पाटी लागणार होती आणि मजकूर अदीबा जमवत होती.

धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळावर डबीसारखे चपटे फटाके बांधत. चाक वरून गेलं की फुटत. ड्रायव्हर-गार्डच्या नोकरीतल्या शेवटच्या फेरीलाही मानाचे दोन-तीन लावायची रीत होती. पण कलाबाईच्या नवऱ्याच्या, मुखरू ड्रायव्हरच्या, शेवटच्या फेरीला अख्खं स्टेशन हादरलं. इतके फटाके कोणी लावले, ते साहेबांच्या चौकशीतही कळलं नाही. फटाक्यांची पेटी कुलपात गेली. पुढच्या महिन्यात ठमाबाईच्या नवऱ्याची, सोमाजी गार्डची, शेवटची गाडी आली ती नुसती शिटी देत.

तेव्हापासून गाव मुखरूच्या बारावरून वर्षं मोजू लागलं. लग्नात मुखरूच्या कलाबाईला खुर्ची मिळायची, ठमाबाईला सतरंजी.

आणि ते फटाके लावले होते सोमाजीनं. पहाटे भरली पिशवी घेऊन गेला आणि रिकामी घेऊन हसत आला. "दोस्त आहे माहा. थोडे थोडे जमवून ठेवले होते," म्हणाला. "अन् तुमच्या वेळी?" तिनं विचारलं होतं. "लावंल कोणी ना कोणी."

पेन्शन अडेल म्हणून नवराबायको गप्प राहिले. आता सोमाजीही नव्हता, मुखरूही नव्हता. आज ठमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, ती सोमाजीचं नाव पाटीवर चढवायला.

"ठमाआजी, तुम्ही काही सांगता?" अदीबानं विचारलं.

"सांगतो ना. आमचे हे—"

"तिले काय माहीत!" कलाबाई मध्येच म्हणाली. "हिच्या घरच्याची गाडी त चोरावानी आली."

ठमाबाईनं तोंडावरचा पदर खाली ओढला. आता बोलतेच.

तेवढ्यात कलाबाईचा आवाज खाली आला. "एकच वाटते पोरी. आमच्यावर एवढा जीव लावणारा कोण होता, कोणी सांगतलं असतं, त डोळे मिटाले मोकळी झाली असती मी."

ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं. पाटीवर सोमाजीचं नाव येईल, पण ते मुखरूच्या खाली. आणि ही? सोमाजीनं स्वतःसाठी एक न ठेवता सारे फटाके हिच्या नवऱ्याला दिले, हे ऐकून ही गावभर मिरवेल. बार हिचा होताच. आता तो लावणारा हातही हिचाच होणार.

"आजी? आजोबांचं काय सांगत होता?"

ठमाबाईनं पदर पुन्हा तोंडाशी नेला.

"काई नाई वं. आमच्या ह्यांची गाडी टायमावर आली होती. तेवढं लिही."