तीन पेले

“करवतीला धार लावून आणलीये,” रुईमिंग काका दारातूनच म्हणाले. “चहा पाज, म्हणजे मी माझ्या कामाला लागतो.”

बाबा शेगडीतले कोळसे सारखे करत राहिले.

अंगणाच्या कडेचं म्हातारं चहाचं झाड दोघा भावांचं सामाईक. ते छाटून त्यावर ‘बदकाची विष्ठा’ या जातीची कलमं बांधायची, हे काकांच्या मनात कधीचं होतं. नाव ओंगळ, पण शहरातली गिऱ्हाइकं त्याच चहावर तुटून पडतात. आमच्या डोंगरउतारावर बहुतेकांनी जुनी झाडं तशीच छाटली. आई होती तोवर काकांचं काही चाललं नाही. हिवाळ्यात ती गेली. वसंतात काका मला म्हणाले, “एवढा हंगाम तू करून बघ. आईसारखा चहा झाला, तर झाड राहील.”

आईनं तोंडानं काही शिकवलं नव्हतं. पानं उन्हात सुकवून सुपात घोळवताना ती मधूनच सूप माझ्या नाकाशी धरायची. यंदा ते मीच धरलं. पानांचा हिरवा उग्र वास जाऊन सोनटक्क्याच्या फुलासारखा वास दरवळेपर्यंत थांबले, आणि मगच कढई तापवली.

“सरक, मी ओततो.” काकांनी भांडं पानांनी ठासून भरलं, उकळतं पाणी घातलं आणि झाकण ठेवून खुशाल बसून राहिले.

“काका, चहा करताय की काढा?”

“खोट शोधतोय. मुरला की कडू होऊन वर येते. तुझ्या आईसमोर हिंमत नव्हती माझी.”

घरात माणसं कितीही असोत, आमच्याकडच्या रीतीनं आम्ही पेले तीनच मांडतो. काका आले की आम्ही चौघं व्हायचो. “तुम्ही घ्या, मी मागून घेते,” आई म्हणायची.

काका तोंड वाकडं करायच्या तयारीनंच प्याले. तोंड वाकडं झालं नाही. त्यांनी त्याच पानांवर पुन्हा पाणी घातलं. मग पुन्हा, हट्टाला पेटल्यासारखं. कडवटपणा जिभेला टेकून निघून जात होता, मागून घशात गोडवा चढत होता, आणि खोलीभर सोनटक्का होता.

“काय रे,” बाबा पहिल्यांदाच बोलले, “सापडली का खोट?”

“गप रे दादा.” काकांनी रिकामा पेला नाकाशी धरला. बराच वेळ धरला. “वहिनी एकटी होती तेच बरं होतं. आता दोघींशी गाठ आहे.”

ते करवत घेऊन बाहेर गेले. बाबा अर्धवट उठले. परसातून बांबू कापल्याचा आवाज आला, तसे पुन्हा बसले. खिडकीतून दिसत होतं: काका झाडाच्या झुकलेल्या फांदीला टेकू देत होते आणि झाडालाच दटावत होते, “नीट उभी राहा गं.”

मी ताजं पाणी उकळलं. हात पुसत काका आत आले. मी पेले भरले.

“घ्या की, निवतोय,” काका म्हणाले.

आम्ही तिघं होतो. पेले बरोबर पुरले.