लाखनीच्या भिंतीवरची लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. लाखनीच्या हमरस्त्यावर एक लहानसं ऑफिस आहे, त्याच्या भिंतीवर टांगलेला. ट्रक गेला की अजूनही माझं अंग थरथरतं, पण पडदा मात्र काळा असतो.

पूर्वी असं नव्हतं. कारखान्यात जन्मून, खोक्यात बसून मी इथे आलो, तेव्हा ऑफिसचे मालक चंद्रकुमार यांनी मला चक्क हार घातला होता. काम मोठं होतं ना! आसपासच्या गावांतल्या तलावांचे आकडे इथे यायचे आणि कोणत्या गावाने पाणी कधी सोडावं, याचा हिशोब क्लाऊडवर व्हायचा. क्लाऊड म्हटलं म्हणून आभाळाकडे बघू नका! दूर शहरात भाड्याने घेतलेले संगणक, एवढंच ते. त्यांच्यावर किती भार आहे, हे मी एका रेघेने दाखवायचो. खाली असली तर हिरवी, वर चढली की लाल.

त्या रेघेची राखण ज्योत्सना करायची. ती दिघोरीची, धान पिकवणाऱ्या पुंडलिकरावांची लेक. रोवण्याच्या, म्हणजे धानाची रोपं लावायच्या दिवसांत सकाळी सगळ्या गावांचे हिशोब एकदम सुरू व्हायचे, रेघ लाल व्हायची आणि सारं अडून बसायचं. रांगेत शेवटी दिघोरी. तिथे पाणी सोडायचा निरोप पोहोचेस्तोवर दुपार व्हायची आणि बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, नुकती लावलेली रोपं माना टाकायची.

चंद्रकुमार वैतागले. "दिघोरी काढून टाक, ज्योत्सना. एका गावासाठी आणखी मशीनी कुठून आनू?"

तिचा चेहरा उतरला. ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली. सकाळी उड्या मारणारी माझी रेघ दुपारी मात्र लोळत पडलेली असायची. ते पाहून ती एकदम म्हणाली, "सर, मशीनी कमी नाही, पाळी चुकून राहिली. आमच्या गावात तलावाचं पानी शेवटच्या बांधीपासून देतेत. वरच्याले आधी देल्लं तर खालच्याले पोहोचतच नाही."

तिने सकाळीच सुरू होणारे जुन्या वर्षांचे जड हिशोब दुपारवर ढकलले आणि सकाळचा पहिला मान दिघोरीला दिला. दुसऱ्या दिवशी रेघ हिरवीच राहिली. थोड्या वेळाने पुंडलिकरावांचा फोन आला, "बाई, आलं वं पानी बांधीत!" त्या दिवशी ज्योत्सनाने माझ्यासमोरही एक पेढा ठेवला. खाल्ला मुंग्यांनी, पण सुख मला झालं.

पुढे पाळी आपोआप लागू लागली, रिकामे संगणक आपोआप बंद होऊ लागले. रेघ मोबाइलवर दिसू लागली. मग माझ्याकडे कोण बघणार?

"कोनी पाहत नाही तं हा कायले चालू ठेवला?" चंद्रकुमार म्हणाले.

रिकामं चालतं ते बंद करावं, हे जन्मभर मीच दाखवत आलो होतो. ज्योत्सनाने ओढणीने माझी धूळ पुसली आणि बटण दाबलं. राग नाही आला, पण वाईट वाटलं.

मित्रांनो, जुन्या वस्तू खुशाल बंद करा, फक्त त्यांची धूळ पुसत जा. आणि रोवण्याच्या दिवसांत इकडून गेलात, तर आत येऊन मला एवढं सांगा: आज दिघोरीच्या शेवटच्या बांधीत पाणी पोहोचलं का?