दगडफुलावरचा लाल ठिपका

"हे खाता येतं का?"

शर्वाणीने विचारलं आणि मागे तिच्या मैत्रिणी ओर्ला नि अ‍ॅव्हा हसत एकमेकींवर कोसळल्या. हे विचारून दाखवायची पैज त्यांचीच होती. मागच्या वर्षीची शर्वाणी असती तर तिने दप्तरामागे तोंड लपवलं असतं. आज ती मान ताठ ठेवून उत्तराची वाट बघत उभी राहिली.

वर्गाची सहल आयर्लंडमधल्या मेनूथच्या विद्यापीठात आली होती. टेबलावर कागदी पुड्या उघडलेल्या, आणि त्यांत उत्तर नॉर्वेच्या बर्फाळ डोंगरांवरून आणलेली, खडकांवर वाढणारी लायकेन. काळपट, कुरकुरीत, थेट करपलेला पापड! ती सांभाळणारी संशोधक क्लोडा मात्र हसली नाही.

"येतं की! बर्फात अडकलेल्या उपाशी लोकांनी उकडून खाल्लंय. चव भयंकर, म्हणे. ये पुढे, गंमत दाखवते."

तिने एका तुकड्याची वरची साल खरवडली आणि ड्रॉपर शर्वाणीच्या हातात दिला. आत साधं ब्लीच. थेंब पडला मात्र, सालीखालच्या पांढऱ्या थरावर लालचुटुक ठिपका उमटला.

शर्वाणी किंचाळलीच. "आमच्याकडे मसाल्यात दगडफूल असतं. तेही लायकेनच ना? तेही लाल होईल?"

"करून बघ! आणि ट्रान्झिशन इयरमध्ये तुम्हाला शाळेबाहेर काम शिकायचा आठवडा असतो, तो माझ्याकडे कर ना. एकच जागा आहे, उद्यापर्यंत सांग."

शर्वाणीचा चेहरा उतरला. बाबा जवळच्या नास गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचा तो आठवडा त्यांनी स्वतःच्या वॉर्डात कधीच ठरवून टाकला होता.

घरी पोचताच तिने कपाटातून मसाल्याचा डबा ओढला आणि एक दगडफूल बशीत ठेवून खरवडलं.

"अगं ए, गोड्या मसाल्याचं आहे ते!" आई धावली. "आणि ब्लीच? माझ्या बशीत?"

"एकच मिनिट, आई!"

थेंब पडला. लाल! शर्वाणी स्वयंपाकघरभर नाचली. नुकतेच आलेले बाबा कोटासकट बशीवर वाकले.

"अरे वा! थांब, दुसऱ्या तुकड्यावर टाक बघू." तोही लाल झाला. बाबा खूश. "बघ, मूळची डॉक्टरच तू! तुझ्यासाठी वॉर्डात सगळ्यात छोटे स्क्रब्ज, डॉक्टरांचे कपडे, काढून ठेवलेत."

शर्वाणी नाचायची थांबली. पण सकाळी सगळ्या वर्गासमोर तो प्रश्न विचारून झाला होता. हे त्याहून काय अवघड?

"बाबा, स्क्रब्ज परत दे. मी वॉर्डात येत नाहीये. तो आठवडा मी मेनूथला, लायकेनकडे जाणार. ठरलंय माझं. आणि आई, उरलेलं दगडफूलसुद्धा मी नेतेय."