सगळ्यांच्या मापाचं डोकं

मी डोकं बोलतोय. नुसतं डोकं, मानेखाली लाकडी ठोकळा आहे, बाकी काही नाही. चष्मे बनवणाऱ्या एका कार्यशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म साच्यातला. पुष्कळ लोकांची नाकं, कान, कपाळं मोजली, त्यांची सरासरी काढली आणि तिच्यावरून मला ओतलं. त्यामुळे माझं नाक ना बसकं ना धारदार, कान ना चिकटलेले ना सुपासारखे. इथला कारागीर मला ‘जावईबापू’ म्हणतो, कारण मी दिवसभर ऐटीत बसून असतो आणि सगळे माझी सरबराई करतात.

आमचा चष्मा साधासुधा नव्हे. समोरचा माणूस बोलला की त्याचे शब्द काचेवर अक्षरांत उमटतात. तो बनवणारी आमची डिझायनर मोठी चिवट बाई. तिला वाढवलं तिच्या मावशीनं, आणि त्या मावशीचे कान आता जवळजवळ गेलेत. कानामागे मशीन लावलं की दाराची बेल, हसण्याचा गलका एवढं कळतं. शब्द मात्र लागत नाहीत. घरात माणसं जमली की ती स्वयंपाकघरात भांडी पुसत बसायला लागली होती. तिला पुन्हा चार माणसांत आणून बसवायचं, हा भाचीचा ध्यास.

कित्येक महिने चष्मा माझ्यावरच बसवून पाहिला. बॅटरीमुळे काड्या जाड होत्या, तरी माझ्यावर तो असा चपखल बसायचा की मलाच माझा हेवा वाटे.

मग मावशीला बोलावलं. चष्मा हातात घेऊन ती म्हणाली, “आरशात बघून घालते,” आणि आतल्या खोलीत गेली. आली ती चष्मा घालूनच.

“टोचत नाही ना?” भाचीनं विचारलं.

मावशीनं अक्षरं वाचली. “छे गं! अगदी छान आहे.”

सगळ्यांचे चेहरे फुलले. तेवढ्यात तिच्या पाठीमागे कारागिराच्या हातून हत्यारांचा ट्रे निसटला. असा आवाज झाला की सगळे दचकले. मावशी मात्र शांतपणे हसत बसली होती.

भाचीनं जवळ जाऊन तिच्या कानावरचे केस बाजूला केले. “मावशी, मशीनं कुठायत?”

“पर्समध्ये.”

“का?”

“दोन्ही एका जागी मावत नाहीत गं. तू एवढ्या हौसेनं केलायस, म्हटलं राहू दे. अक्षरं दिसतात की!”

भाची माझ्याकडे वळली. “ह्याला कुठे मशीन लावावं लागतं? हा कशाला तक्रार करेल!”

खरंच होतं ते. ज्यांना हा चष्मा हवा, त्यांच्या कानामागची जागा आधीच भरलेली, आणि माझ्या कानामागे नुसती धूळ.

दुसरी कुणी कपाळाला हात लावून बसली असती. हिनं तसलीच मशीनं माझ्या कानांवर चढवली. बॅटरी काडीतून काढून मानेमागच्या पट्ट्यात नेली, काड्या बारीक केल्या. नाकाच्या गाद्या ज्याच्या त्याच्या नाकाप्रमाणे बदलता येतील अशा केल्या. माझं नाक तासून बसकं केलं, मग पुट्टी लावून उंच केलं. तेवढ्यावरही विश्वास न ठेवता खरी माणसं बोलावली: अंबाडेवाली, टकलू, गोबऱ्या गालांचे, सुरकुतलेले. आणि कुणी “छान आहे” म्हणालं की स्वतः त्याच्या कानामागे लाल वण शोधायची. मला तिचा फार अभिमान वाटतो, अगदी नाक कापून घेऊनसुद्धा!

आता माझ्याकडे बघवत नाही. कानांना भोकं, नाकावर ठिगळं. चालायचंच. एक विनंती मात्र आहे. काहीही बनवा, पण मला बसलं म्हणून सगळ्यांना बसेल असं समजू नका.

आत्ता समोर मावशी बसलीय. कानामागे मशीनं आहेत, डोळ्यांवर चष्माही आहे. कारागीर स्वतःच्या सासऱ्याची फजिती रंगवून सांगतोय. भाची वण बघायला चष्म्याला हात लावते, तर मावशी तो हात झटकते.

“थांब गं जरा,” ती म्हणते, “त्याचं अजून संपलं नाही.”