एका भाजीची तीन नावं

रानभाज्यांचा तक्ता सोनमच्या गटाचा होता आणि गटप्रमुख ती पहिल्यांदाच झाली होती. त्यामुळे उद्याच्या प्रदर्शनात तिची सगळी इज्जत त्या तक्त्यावरच टांगलेली होती. प्रत्येकाने घरी शिजणारी भाजी रंगवून आणली होती: धुळ्याकडच्या सोनमने वेलीवरचं करटुलं, मुंबईहून आलेल्या तन्वीने चिरलेली कंटोळी, इथल्याच, सिल्वासाच्या कल्पेशने टोपलीतला कंकोडा.

माहिती लिहायची म्हणून सोनम शाळेच्या ग्रंथालयात गेली. प्रमिलाबाईंनी कोशाचा जाडजूड खंड काढून दिला. कंकोड्यापुढे एकच ओळ होती: 'करटोली पाहा'. कंटोळीपुढेही तेच.

"बाई, हे पुस्तक कामचोर आहे. नुसतं दुसरीकडे पाठवतंय."

"अगं, तू कुठल्याही दारातून आत शीर, ते तुला बरोबर स्वयंपाकघरात नेऊन सोडतं."

सोनमने करटोलीचं पान उघडलं. वेल, पिवळं फूल, काटेरी हिरवं फळ. तक्त्यावर एकच भाजी तीनदा, शेजारीशेजारी बसली होती. परीक्षक पोट धरून हसणार.

पण पान मिटवेना. कोण कुठलं नाव घेऊन येईल, हे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलं होतं. कल्पेशला कधी न बघता त्याच्यासाठी वाटेवर पाटी लावली होती. किती माया लागत असेल याला, असं तिला वाटलं.

वर्गात येऊन तिने सगळं सांगितलं. तन्वी म्हणाली, "मग दोन चित्रं फाडा."

"फाडायचं काही नाही. एकाखाली माहिती, बाकी दोन्हींखाली 'पाहा'."

"म्हणजे माहिती तुझ्या करटुल्याखाली," कल्पेश म्हणाला. "लीडर पण तू, भाजी पण तुझी. वाह बेन."

सोनमच्या मनात तेच होतं, शिवाय कोशही जवळपास तिच्याच बाजूने होता. पण उद्या तक्ता बघणार सिल्वासाची माणसं, आणि इथल्या बाजारात भाजीवाली हाक मारते ती कंकोड्याचीच. तिने सगळी माहिती कंकोड्याखाली लिहिली. मग स्वतःच्या लाडक्या वेलीखाली, अक्षर जरा दाबूनच: 'करटुलं – कंकोडा पाहा'.

तन्वीने नाक मुरडत कंटोळीखाली तसंच लिहिलं.

कल्पेश तक्त्यावर वाकून बघत होता. "टाकळ्याच्या भाजीलाही आमच्यात कुवाडियो म्हणतात," तो म्हणाला. "त्याची पाटी कुठे लावू?"